लोखंडी कुलर, शहाऐंशी वर्षांच्या आईसाठी

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच दुकान गाठावं. चंद्रपुरात पत्रा ठोकून बनवून घेतलेला, अठरा इंची पंख्याचा, तिन्ही बाजूंना हनीकॉम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या जाड कागदी ताट्या) लावलेला लोखंडी कुलर मार्चअखेरपासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत म्हाताऱ्या माणसासाठी झकास आहे. पाऊस लागला की तो नुसता पंखा, आणि खिडक्या लावून पाण्यासकट चालवला तर अपायच. दुकानदार देतो तसाच्या तसा घरी आणू नका. प्लग, बटणं आणि पाणी सोडायचं बूच एवढं बदलून घ्या. आम्हाला स्टँड धरून अकरा हजारांच्या आत पडला.

आता सविस्तर. माझी नोकरी इथल्या महाऔष्णिक वीज केंद्रात गेली. २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे ते, आणि मी कूलिंग टॉवरच्या देखभालीत होतो. टॉवरवरून उठणाऱ्या पांढऱ्या ढगाला गावातले लोक अजून धूरच म्हणतात. ती वाफ असते. पाण्याचा थोडा भाग उडून जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो, एवढंच त्या अवाढव्य बांधकामाचं काम. कुलरचंही काम तेच, फक्त तिथं आम्हाला पाणी थंड करून हवं असायचं आणि इथं हवा. माणसाची कातडी हे त्याच तत्त्वावरचं तिसरं यंत्र. एक लिटर घाम अंगावरून पुरता उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून खाली पडला तर काहीच नेत नाही.

इंटरनेटवर कुलरचे अभिप्राय वाचले की माझं डोकं फिरतं. ‘एकदम शिमला’, ‘हॉल दहा मिनिटांत गार’, ‘हवेचा फेक मस्त’. लिहिणारे सगळे पंचविशी-तिशीतले. या पोरांना कुलर दिला काय, नुसता ओला टॉवेल दिला काय, ती निभावून नेतील, कारण त्यांचं स्वतःचं यंत्र धडधाकट आहे. माझ्यापुढे प्रश्न होता आईचा. वय ८६, बीपीची गोळी, सोबत लघवीची गोळी, गुडघे गेलेले, जिभेनं मात्र तिखट. तिच्यासाठी कुलर पाहायचा तर हवेचा फेक नव्हे, तिचं शरीर पाहावं लागतं.

बाहेरची हवा कातडीपेक्षा थंड असते तोवर अंगाची उष्णता आपोआप बाहेर जाते. कातडी साधारण ३५ अंशांची असते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५-४६ला जातो, तेव्हा गणित उलटं होतं. हवाच अंगाला तापवते आणि सुटकेचा एकच रस्ता उरतो, घाम. तरणं शरीर हे दोन बाजूंनी सांभाळतं. हृदय जोरानं पंप मारून आतलं गरम रक्त कातडीकडे धाडतं, भर उकाड्यात मिनिटाला सात-आठ लिटरपर्यंत, आणि कातडीवरचा घाम उडून त्या रक्ताला गार करतो. म्हातारपणी दोन्हीकडे खोट येते. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या सैल होत नाहीत, हृदयाला तेवढा जोर काढवत नाही, आणि घामाच्या ग्रंथी असतात तेवढ्याच असल्या तरी एकेक ग्रंथी कमी पाझरते. नवा माठ आणि चार उन्हाळे वापरलेला माठ शेजारी ठेवून पाहा. छिद्रं बुजलेल्या जुन्या माठातलं पाणी कोमटच राहतं.

आता यात गोळ्या मिळवा. लघवीची गोळी अंगातलं पाणी आणि मीठ बाहेर काढते. बीपी-हृदयाच्या काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत, म्हणजे उन्हात जो जास्तीचा पंप मारायचा त्यालाच लगाम. मूत्राशयाच्या, झोपेच्या, मनाच्या आजारांच्या काही औषधांनी घामच आटतो. जुन्या मधुमेहानंही घामाचं तंत्र बिघडतं. म्हणून मार्च संपता संपता मी आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे मांडतो आणि उन्हाळ्यापुरतं काही कमी-जास्त करायचं का ते विचारतो. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. आमच्याकडे तो सल्ला द्यायला प्रत्येक ओट्यावर एक वैद्य बसलेला असतो, त्याचं ऐकायचं नाही.

आणि या सगळ्याहून अवघड गोष्ट कोणत्याही कुलरच्या खोक्यावर लिहिलेली नसते. म्हाताऱ्या माणसाला उकाडा कळतच नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलेला, रस्त्यावर दुपट्टा गुंडाळल्याशिवाय चिटपाखरू नाही, खोलीत ३७ अंश, आणि आई अंगावर सुती शाल घेऊन म्हणते, “बाबू, बंद कर ना ते. हुडहुडी भरून राहिली मले.” मी बंद करतो. तासाभरानं हात लावावा तर अंग तव्यावाणी, आणि तिची तक्रार शून्य. हट्ट नाही तो. गारवा-उष्मा ओळखणारी जाणीवच वयानं मंदावते. तहानेचंही तसंच. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुण आणि पासष्टीपुढच्या निरोगी पुरुषांना चोवीस तास पाण्याविना ठेवलं होतं. रक्त म्हाताऱ्यांचं जास्त घट्ट झालं, पण तहान त्यांनाच कमी लागली, आणि पाणी समोर ठेवल्यावर त्यांनी प्यायलंही कमी. आमच्याकडे त्यात आणखी एक कारण: रात्री मोरीपर्यंत जावं लागू नये म्हणून आई संध्याकाळपासून पाणी तोडते.

पंखा आहे की घरात, कुलर कशाला, असं आमचे एक मेहुणे म्हणाले. त्यांच्यासाठी हा परिच्छेद. कोरड्या कडक उन्हात पंखा घामाला उडवायला मदत करतो हे खरं, पण त्याच वेळी गरम हवा अंगावर आदळून तापवतोही. घाम भरपूर असेल तर सौदा फायद्याचा, घाम कमी असेल तर तोट्याचा. टेक्सासात साठ ते ऐंशी वयाच्या माणसांना ४२ अंशांच्या खोलीत बसवून दमटपणा हळूहळू वाढवत नेला, तेव्हा पंखा लावल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके उलट जास्त वाढले. तो अभ्यास २०१६ मध्ये आला. पुढे २०२१ साली काही संशोधकांनी गणित मांडून मर्यादा काढल्या: धडधाकट तरुणाला साधारण ३९ अंशांपर्यंत पंखा उपयोगी, पासष्टीपुढच्याला ३८, आणि घाम आटवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्याला ३७. आमच्या गल्लीतले एक आजोबा टिनाच्या खोलीत दुपारी बरळायला लागले. अंग कोरडं, डोळे वर. डोक्यावरचा पंखा पाचवर सुरूच होता. पोरांनी त्यांना सावलीत आणून अंगावर पाणी ओतलं, काखेत आणि जांघेत बर्फ धरला, १०८ला फोन केला, म्हणून वाचले. असं कोणी असंबद्ध बोलायला लागलं तर लिंबू-सरबत पाजत बसू नका, घशात अडकतं. आधी अंग गार करा.

तर यंत्र असं हवं, जे आईच्या कातडीचं काम बाहेरच्या बाहेर करून आणेल. घाम तिनं गाळायचा नाही, कुलरनं गाळायचा.

दुकान जटपुऱ्याकडून थोडं आत आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि माणूस स्वभावानं चांगला आहे. फेब्रुवारीत गेलो तेव्हा कारागीर पत्रे कापत बसले होते. मालकानं नमुन्याचा कुलर सुरू करून दाखवला.

“काका, हवा पाहा. गादीवरची चादर उडते.”

“मले चादर नाही उडवायची. शहाऐंशीची म्हातारी आहे घरात.”

“मंग प्लास्टिकचा घ्या ना छोटा. चाकं असते त्याले, कुठंबी फिरवा.”

इथं प्रत्येकानं थांबावं. चाकांचा छोटा कुलर खोलीच्या आत ठेवून खोलीचीच हवा फिरवतो. पहिला अर्धा तास बरं वाटतं, मग खोली दमट होते, आणि दमट हवेत ना कुलरचं पाणी उडत ना आईचा घाम. एकदा बाहेर पाठवलेली वाफ पुन्हा टॉवरच्या तोंडात आली की आमच्याकडे साहेब लोक धावपळ करायचे. खोलीतल्या कुलरचं रोज तेच होतं. कुलर खिडकीबाहेरच पाहिजे, कोरडी हवा बाहेरून ओढणारा, आणि समोरच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडी पाहिजे, म्हणजे आलेली हवा निघून जाईल. ‘गारवा बाहेर जातो’ म्हणून दारं-खिडक्या गच्च लावणारी घरं मी पुष्कळ पाहिली. त्यांच्या भिंती ओल्या आणि म्हातारे घामेजलेले.

मग मी बनवून घ्यायचा म्हटलं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा २२ गेजचा, टाकी नव्वद लिटरची, पंखा अठरा इंची तीन गतींचा, आत चार इंची हनीकॉम्ब. वुडवुलच्या, म्हणजे लाकडाच्या गवतासारख्या किसाच्या, ताट्या स्वस्त असतात, दर उन्हाळ्याला बदलायच्या, पण महिन्याभरात गवत खाली बसतं आणि वरच्या फटीतून गरम हवा सरळ आत येते. वाळ्याचा वास मलाही आवडतो, आईला तर माहेर आठवतं, तरी त्याचा भुगा पंपात जाऊन पंप जाम होतो. शेवटी हनीकॉम्बवर वाळ्याची एक छोटी जुडी सुतळीनं बांधून दिली. तंत्राच्या दृष्टीनं निव्वळ शोभा. आई खूश.

कामगिरी. मी कुलरच्या तोंडाशी, पलंगाशी आणि बाहेर सावलीत असे तापमापक लावून वही ठेवली. सवय जात नाही. मेच्या उत्तरार्धातली एक नमुनेदार दुपार: बाहेर ४५ अंश, हवेतला दमटपणा १५ टक्क्यांच्या आसपास. कुलरच्या जाळीशी २९. पलंगावर, उशीच्या उंचीला, ३२. पंखा मधल्या गतीवर. शेजारच्या खोलीत, जिथं फक्त छताचा पंखा, ३९. यात जादू नाही. तापमापकाच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून वारा दिला की जो आकडा येतो त्याला आम्ही वेट बल्ब म्हणायचो. त्या दुपारी तो २४च्या आसपास निघतो. कोणत्याही कंपनीचा, कितीही रुपयांचा कुलर त्याच्या खाली हवा नेऊ शकत नाही. चांगला असेल तर बाहेरचं तापमान आणि वेट बल्ब यातलं तीन-चतुर्थांश अंतर कापतो. आमच्यानं तेवढं कापलं. ‘एसीसारखा गारवा’ असं लिहिलेलं खोकं दिसलं तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

३२ अंशांत आईचं काय होतं ते सांगतो. नाडी काही ठोक्यांनी खाली येते, दुपारी खरंच झोप लागते, आणि पाचच्या चहाला ती स्वतः उठून बसते. कुलरआधीच्या उन्हाळ्यात ती संध्याकाळी उठताना भिंत धरायची, उभं राहिल्यावर बीपी पडून चक्कर यायची. उन्हाच्या लाटेत म्हातारी माणसं दगावतात ती बहुतेक उष्माघातानं असं आपल्याला वाटतं, पण हृदयानं ताण न सोसल्यामुळे जाणारी कितीतरी असतात, आणि त्यांच्या कागदावर ऊन हा शब्दही नसतो. २००३च्या युरोपातल्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जास्तीचे मृत्यू झाले, त्यातले बहुसंख्य पंचाहत्तरीच्या पुढचे. आपल्याकडे अहमदाबादनं २०१०च्या लाटेनंतर, २०१३ मध्ये, उष्णतेसाठी शहराचा आराखडा केला. म्हणजे हे सगळं कळायला आपल्यालाही तसा फार काळ झालेला नाही.

खर्च म्हणाल तर पंखा आणि पंप मिळून अडीचशे वॉटच्या आत. चार तासांत एक युनिट. दीड टनाचा एसी भर दुपारी तासालाच सव्वा-दीड युनिट ओढतो. पाणी मात्र दणकून लागतं. सकाळी भरलेली टाकी चारच्या आत तळ दाखवते, आणि नळ एक दिवसाआड येणाऱ्या घरात हा हिशेब विजेच्या बिलापेक्षा मोठा आहे.

आता तक्रारी, आणि यात मी मालकाला सोडणार नाही.

पहिली आणि जीवघेणी: कुलरला प्लग दोन पिनांचा. लोखंडी पेटी, आत पाणी, ओली फरशी, अनवाणी म्हातारी, आणि अर्थिंग नाही! विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, बातम्या वाचून आपण पान उलटतो. मालक म्हणाला, “सगळे असाच नेते काका.” मी तीन पिनांचा प्लग, तीन तारांची जाड वायर आणि पत्र्याला बोल्टनं कसलेली अर्थिंगची तार करून घेतली, आणि घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. भिंतीतली अर्थिंग नुसती नावाला आहे का हेही, आरसीसीबी बसवण्याआधी, टेस्ट लॅम्पनं पाहून घ्या, फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लख्ख लागला पाहिजे. तुम्हाला जमत नसेल तर वायरमनला बोलवा. पाणी भरताना प्लग काढायचाच. आमच्या घरी हा नियम नातवालाही तोंडपाठ आहे.

दुसरी, बटणं. गोल फिरवायचं बटण कुलरच्या अंगावर, खिडकीच्या कोपऱ्यात, आणि असं कडक की माझंच मनगट दुखलं. संधिवाताची बोटं ते फिरवणार कशी? पंप आणि पंखा यांची दोन वेगळी टिचकी बटणं पलंगाजवळच्या भिंतीवर काढून घेतली. आधी पंप, हनीकॉम्ब पुरतं भिजलं की मग पंखा. उलट केलं तर पहिली पाच मिनिटं भट्टीची हवा येते आणि म्हातारं माणूस कुलरवरच विश्वास ठेवत नाही. बटणांवर मी लाल आणि निळा ठिपका दिलाय.

पण बटण हातात आलं म्हणजे आई ते बंदही करणार. त्यावर उपाय सापडला तो तापमापकाचा. काट्याचा गोल तापमापक घेतला, तबकडीवर ३२च्या जागी सुनेच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली आणि आईला सांगितलं, काटा रेघेच्या पलीकडे गेला की सुरू, अलीकडे आला की तुझी मर्जी. मुलगा सांगतो म्हणून तिनं ऐकलं नसतं. काट्याचं ऐकते. हुडहुडी वाटली तर शाल घे, पाय झाक, पण यंत्र चालू राहू दे, असं आमचं ठरलंय. झडपा छताकडे वळवून ठेवल्यात, झोत थेट छातीवर नको. पूर्ण वेगावर आवाज इतका होतो की तिला तिची मालिका ऐकू येत नाही, आणि बंद करायचं निम्मं कारण ते असतं हे फार उशिरा तिच्याच तोंडून कळलं. म्हणून तीनची गती फक्त ती झोपल्यावर.

तिसरी तक्रार बुचाची. पाणी सोडायचं भोक टाकीच्या तळाला नाही, दोन बोटं वर. म्हणजे कितीही रिकामी करा, तळाशी पाणी राहणारच, आणि त्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालणारच. आठवड्यातून एकदा टाकी पुरती कोरडी करून घासायची असते, ती या बांधणीत कापड घालून टिपावी लागते. शिवाय आमच्या बोअरचं पाणी जड. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि राहिलेलं पाणी दिवसेंदिवस खारट होत हनीकॉम्बवर पांढरा थर चढवतं. कूलिंग टॉवरमध्ये आम्ही म्हणून रोज थोडं पाणी मुद्दाम सोडून द्यायचो. घरीही तेच करा: रोज सकाळी उरलेलं पाणी झाडांना, मग नवीन भरणं. हनीकॉम्ब तीन-चार उन्हाळे टिकतं म्हणतात. जड पाण्यात हे केलं नाही तर दुसऱ्याच वर्षी दगड होईल.

वीज जाण्याबद्दल. मेच्या शेवटी वादळं येतात, झाड तारेवर पडतं, आणि वीज नेमकी सर्वांत उकडतं तेव्हा जाते. आमचा इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे, त्यावर कुलर कमी गतीत नीट चालतो. साध्या चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर घुरघुरते आणि तापते, तिथं चालवू नका. तेही नसेल तर ओला पंचा. हात, मान, पोटऱ्या सतत ओल्या करत राहायच्या. कातडीला घाम देता येत नसेल तर पाणी आपण द्यायचं. रात्रीची वेगळी काळजी घ्यावी लागते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत उष्णता खाली सोडतो आणि म्हाताऱ्या शरीराला सावरायला रात्रच मिळते. गच्चीला चुना फासून घेतला, त्यानं पलंगाजवळचा काटा एक-दोन अंश तरी खाली राहतो. पहाटे आईला बाहेर छपरीत बसवतो.

पाण्याचं आम्ही असं केलंय: सकाळी तिच्या उशाशी तांब्या भरतो, दुपारच्या जेवणाआधी तो संपला पाहिजे. सोबत ताक, ज्वारीची आंबील, पन्हं. संध्याकाळी सहानंतर जबरदस्ती नाही. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीला दांडी आणि रात्रभर एक छोटा दिवा लावल्यापासून ती थोडं जास्त पिते. ज्यांचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे त्यांनी किती प्यायचं आणि मीठ किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

मृग लागला की या कुलरची रजा. जूनच्या मध्यात बाहेर ३४ अंश, दमटपणा ६५ टक्के असला की वेट बल्बच २८च्या वर असतो. कुलर फार तर ३०ची हवा देईल, पण ती चिंब. आईचा जो काही घाम येतो तो उडेनासा होतो. तेव्हा पंप बंद, टाकी कोरडी, आणि ३४ अंशांत नुसता पंखा म्हाताऱ्यांनाही चालतो. ज्यांच्या घरात हृदयविकाराचं माणूस आहे आणि ऐपत आहे, त्यांनी एका खोलीला एसी लावावाच, तो दमटपणाही काढतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या मंडळींनी माझा अभिप्राय वाचून लोखंडी कुलर घेऊ नये. तुमच्या हवेत तो वर्षभर जूनसारखाच वागेल.

दुकानाची सेवा: सांगितलेल्या दिवसाच्या आठवड्याभरानं कुलर आला, बसवायला आलेल्या पोरानं स्टँड तिरका ठोकला, पण फोन केल्यावर मालक स्वतः येऊन सरळ करून गेला. पंप पहिल्याच मोसमात जळला, बिनबोभाट बदलून दिला. या फेब्रुवारीत हनीकॉम्ब दाखवायला गेलो तर नवीन टाक्यांचं बूच तळाला आलेलं होतं आणि तीन पिनांचा प्लगही. पलंगाजवळ बटणं काढून देण्याचे तो आता वेगळे साडेतीनशे घेतो. वायर मात्र अजून बारीकच लावतो, ती जाड मागून घ्या.